फळ्यावरचा तिसरा क्रमांक

“थांबा!”

लीओना नाव्हिल थांबली. पण तोवर तिचा उजवा पाय उंबरठा ओलांडून गेला होता. मार्चच्या पावसात भिजलेला बूट नुकतेच व्हार्निश दिलेल्या लाकडी जमिनीवर टेकला, आणि तिने तो उचलला तेव्हा खाली एक संपूर्ण, सुस्पष्ट ठसा उमटलेला होता. टाचेवरची नक्षीसुद्धा मोजता आली असती.

शाळेच्या बास्केटबॉल कोर्टातून चर्चच्या हॉलमध्ये जाणारी ही जवळची वाट ती लहानपणापासून वापरत आली होती. कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला गुडघ्यांवर बसलेला माणूस उठून कडेकडेने तिच्याकडे आला. त्याने आधी ठशाकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग पुन्हा ठशाकडे.

“वाळायला किती वेळ लागतो?” तिने विचारले.

“आठ तास. सात झाले होते.”

“म्हणजे एक अष्टमांश चूक माझी. दारावर पाटी न लावण्याची उरलेली चूक तुमची.”

“पाटी आहे.”

पाटी होती. वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत होती.

“...बरं. पूर्ण चूक माझी. आता याचं काय करणार?”

“उद्या घासून काढणार.”

“ठेवून नाही देता येणार? माझी सही म्हणून?”

“मुलं घसरतील,” तो म्हणाला. विनोद कळल्याचे त्याने दाखवले नाही. पण त्याच्या डाव्या गालात काहीतरी हलले. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे लीओनाला पक्के ठाऊक होते. तरी तिने नोंद घेतली.

त्याचे नाव एमेट टॅकेट. नदीपलीकडचा, म्हणजे केंटकीचा; हे गाव नदीच्या अलीकडे, इंडियानात. जुनी लाकडी कोर्टे दुरुस्त करत गावोगाव फिरणे हा त्याचा धंदा. सेंट ब्रेंडन शाळेचे काम तीन आठवड्यांचे होते, नंतर कॅन्सस राज्यात कुठेतरी पुढचे. कामाची त्याची पद्धत साधी होती. कोर्टाचा एकेक भाग पुरा करत जायचे. एक चेंडू घ्यायचा, पट्टीमागून पट्टी चालत तो आपटायचा आणि ऐकायचे. कुठेतरी चेंडू उसळण्याऐवजी धप्पकन बसायचा. अशा जागेला तो ‘मुकी जागा’ म्हणे. तिथे खडूने फुली मारायची, आणि खालची तुळई तपासायची.

लीओनाचा धंदाही फार वेगळा नव्हता. नदीपलीकडच्या एका रुग्णालयात ती औषधचाचण्यांच्या आकडेवारीचे काम करी. उत्साही डॉक्टरांच्या दाव्यांवर ती आपला चेंडू आपटून बघे, आणि मुक्या जागी फुली मारी. त्या खात्याचा पहिला नियम तिने टेबलासमोर चिकटवला होता : काय मोजणार ते आधी लिहा, मोजा नंतर. निकाल पाहून मोजमाप ठरवणारा माणूस खोटे बोलतोच असे नाही. बहुतेक वेळा तो कशाच्या तरी प्रेमात असतो. आकड्यांच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

*

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले जात. मांस वर्ज्य, त्यामुळे सारे गाव तिथे लोटे : राय ब्रेडवर ताटाबाहेर डोकावणारा कॉड मासा, कोबीची कोशिंबीर आणि चीज घातलेली मॅकरोनी. ऋतूही नेमका तोच, विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा. मासे आणि बास्केटबॉल हे दोन धर्म एकाच छपराखाली आले, की वाद निर्माण होणारच. तो वाद हॉलच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहिलेला होता.

इतिहासातले सर्वांत थोर सात विद्यापीठ-संघ :

१. यूसीएलए
२. केंटकी
३. इंडियाना
४. नॉर्थ कॅरोलायना
५. कॅन्सस
६. ड्यूक
७. कनेटिकट

अक्षर लीओनाच्या वडिलांचे, व्हर्जिल नाव्हिल यांचे. शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाचे, ठाशीव आणि किंचित उजवीकडे कललेले. इंडियानाच्या पहिल्या अक्षराला, इंग्रजी ‘I’ला, दोन्ही टोकांना एकेक आडवी मिशी. एकोणीस वर्षांत या यादीला कोणी हरवू शकले नव्हते. गेल्या नोव्हेंबरात व्हर्जिल गेले, हृदयाच्या एका झटक्यात. हॉल झाडणाऱ्यांना तेव्हापासून सक्त ताकीद होती की फळ्याला फडके लावायचे नाही.

गावात आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी एमेट ताट घेऊन फळ्यासमोर उभा राहिला. एक घास घेतला. चावला. आणि सहज, पण खणखणीत आवाजात म्हणाला :

“इंडियाना... तिसरी?”

हॉलमधले काटे-चमचे थांबले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिसेस बर्नाडेट क्रूअर यांचे डोके बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर, तळणीवर चाळीस वर्षे सत्ता. “कोण बोललं?”

“मी... मी फक्त विचारलं, बाई.”

“मोठ्यानं विचारलंस, पोरा. या हॉलमध्ये मोठ्यानं विचारलं की आव्हान झालं. शेवटच्या शुक्रवारी उभं राहायचं. प्रत्येकाला बोलायला एक घाणा तळून होईपर्यंत वेळ. दोघांचे दोन डबे, लोक मत देणार त्यांत लिंबाच्या फोडी टाकून. हरेल तो कढया घासेल. जिंकेल तो फळा लिहील.”

“आणि समोरून कोण बोलणार?”

मग लीओना उठली.

“मी,” ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. तिने फळ्याकडे पाहिले नाही. आपण हरलो तर फडके फिरणार हे तिला कोणी सांगायला नको होते.

*

नंतरचे दोन आठवडे ती रोज कामावरून सुटल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून आकडे मांडू लागली. हॉलमध्ये हीटर नव्हता, हे कारण होते. कोर्टातही हीटर नव्हता; पण हे कारण तिने तपासून पाहिले नाही.

बाहेर पाऊस पत्र्यावर बोटे वाजवत राही. आत चेंडू. धप्, धप्, धप्...

“केंटकीचा माणूस,” ती वहीतून मान वर न करता म्हणाली, “म्हणजे पहिला नंबर केंटकीलाच देणार. लिहून ठेवू?”

“पुसा. पहिली यूसीएलए. बारा वर्षांत दहा विजेतेपदं आहेत, त्यावर काय वाद घालणार?”

तिने मान वर केली. “घरी माहीत आहे हे?”

“आजीला कळलं तर माझं रविवारचं जेवण बंद होईल.”

“आणि कॅन्सस? तिकडं निघालात म्हणून लाच देणार असाल.”

“कॅन्ससला मी मानतो. ज्यानं हा खेळ शोधला तोच त्यांचा पहिला प्रशिक्षक. आणि जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला त्यांचा एकमेव प्रशिक्षकही तोच!”

“शोधणाऱ्यानं जिंकलंच पाहिजे असं कुठं आहे?” ती हसली. “पण त्यांच्या छताला टांगलेल्या त्या दोन जुन्या पताका मी मोजणार नाही. एका बेकरीमालकाच्या संस्थेनं वीसेक वर्षांनी मागं जाऊन विजेते ठरवले. पाव विकणाऱ्यानं दिलेली विजेतेपदं!”

“पाव चांगला असेल तर?”

“टॅकेट, तुम्ही पुराव्याबद्दल गंभीर नाही.”

“मी मुक्या जागेबद्दल गंभीर आहे. इकडं या जरा.”

ती खाली आली. त्याने चेंडू तिच्या हातात दिला. देताना त्याची बोटे तिच्या बोटांवर गरजेपेक्षा किंचित जास्त वेळ राहिली... किंवा तिची त्याच्या बोटांखाली. मोजमापाचे साधन स्वतःच थरथरत असेल तर मोजमाप भरवशाचे राहत नाही.

“आपटा. डोळे मिटून.”

धप्. धप्. थप्प.

“इथे,” ती म्हणाली.

“इथेच. बघा, कान आहे तुम्हाला.” तो खाली बसला, त्याने फुली मारली, आणि खडू तसाच हातात धरून म्हणाला, “बहुतेक लोकांना ऐकू येतं. पण जमीन त्यांच्याच शाळेची असली की कबूल करत नाहीत.”

त्या ठशाची जागा तिने एकदा शोधली होती. सापडली नाही. त्याने इतके सफाईने घासले होते की लाकडाची रेघसुद्धा जागची हललेली दिसत नव्हती. तिला थोडे वाईट वाटले, आणि बरेच बरे वाटले. का, हे तिला नीट मांडता येईना.

*

अखेरच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी तिने त्याला आपले सूत्र दाखवले. गरज नव्हती. प्रतिपक्षाला कोणी दारूगोळ्याची कोठी दाखवत नाही. पण ते सुंदर जमले होते, आणि सुंदर गोष्ट दाखवायला गावात दुसरे कोणी नव्हते.

विजेतेपदांचे गुण. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदामधल्या वर्षांचे गुण. आणि तिसरा घटक : गाठलेल्या अंतिम सामन्यांपैकी किती जिंकले. इंडियानाने सहा अंतिम सामने खेळले, पाच जिंकले. या घटकाला चौपट भार, म्हणजे त्याचे गुण चारदा मोजायचे. बेरीज केली की क्रम थेट फळ्यावरचा उतरत होता.

एमेटने कागद गुडघ्यावर ठेवून बराच वेळ वाचला. ओठ हलवत वाचण्याची त्याला सवय होती.

“चार का?” त्याने विचारले.

“काय?”

“या घटकाला चौपट. तिप्पट का नाही? पाचपट का नाही?”

“कारण... अंतिम सामना हा सर्वांत कठीण—”

“बरोबर. पण मग कनेटिकट वर जायला हवी होती. त्यांनी सहा खेळले नि सहाही जिंकले. त्यांना खाली ओढायला तुम्ही तो वर्षांचा घटक घातलात.” तो आरोप करत नव्हता, चेंडू आपटत होता. “तिप्पट केलं तर इंडियाना कुठं जाते?”

पेन्सिल काढून तिने गणित केले, मग पुन्हा केले. तिप्पट भाराला इंडियाना पाचवी. दुपटीला सातवी.

थप्प.

“मी आधी फळा पाहिला,” ती हळूच म्हणाली, “आणि मग...”

वाक्य पूर्ण झाले नाही. तिने वही मिटली आणि ती दारातून बाहेर पडली. छत्री तिथेच राहिली.

ती द्यायला एमेट हॉलमध्ये गेला, तेव्हा मिसेस क्रूअर पीठ चाळत होत्या. छत्री बघून त्यांनी त्याला स्टुलावर बसवले आणि फळ्यावरचे ते अक्षर कोणाचे, हे सांगितले.

*

शुक्रवारी हॉल खच्चून भरला होता. खिडक्यांवर वाफ धरली होती. मिसेस क्रूअरनी पहिला घाणा तेलात सोडला, तेल चुरचुरले, आणि लीओना बोलू लागली.

ती नीटनेटके बोलली. अडतीस वर्षे विजेतेपद नाही हे तिने स्वतःहून सांगितले. शहात्तर साली एकही सामना न हरता जिंकलेला संघ आठवला. तसा विजेता नंतर झाला नाही. सूत्र मांडले. लोकांनी बाके बडवली. एक म्हातारा तर उभा राहून डोळे पुसू लागला, अर्थात कांदाही तिथेच चिरला जात होता.

दुसरा घाणा पडला. एमेट उठला. टोपी काढून हातात फिरवत राहिला.

“नॉर्थ कॅरोलायनाचा निळा रंग... चांगला आहे,” तो म्हणाला.

हॉल वाट पाहत राहिला.

“ड्यूकही बरी आहे. आणि इंडियानाबद्दल... मिस नाव्हिल यांनी बरंच खरं सांगितलंय. मला फारसं काही विचारायचं नाही.”

मागून कोणीतरी ओरडले, “अरे, केंटकीवाल्याची जीभ नदीतच पडली काय रे!” हशा पिकला. एमेट खाली बसू लागला.

लीओनाला एकदम सगळे कळले. छत्री तिला सकाळी घराच्या दाराच्या कडीला मिळाली होती, आणि ती तिथे लावण्याआधी एमेट मिसेस क्रूअरकडून फळ्याची गोष्ट ऐकून आला असेल, हे आता तिने जोडले.

“बसू नका,” ती म्हणाली. “घाणा अजून संपला नाही.”

“मिस नाव्हिल...”

“काल मला एक प्रश्न विचारलात. तो आज विचारा.”

“नाही विचारणार.”

“माझा ठसा तुम्ही घासून काढलात! मला न विचारता, दुसऱ्याच दिवशी. मुलं घसरतील म्हणालात. मग आज कसली दया आली? ही जमीन वेगळी आहे?”

हॉलमध्ये कोणाला ठशाबद्दल काही ठाऊक नव्हते. पण हे दोघे सात संघांबद्दल भांडत नाहीत, एवढे बऱ्याच जणांच्या ध्यानात आले. मिसेस क्रूअरनी झारा खाली ठेवला.

तेव्हा लीओना लोकांकडे वळली.

“प्रश्न असा आहे : चार का? उत्तर असं : चार घेतलं नाही तर इंडियाना तिसरी येत नाही. म्हणून चार. हे मी मुद्दाम केलं नाही. पण केलं. रुग्णालयात कोणी असं केलं तर मी त्याचा अहवाल परत पाठवते.” ती थांबली. आता तिने फळ्याकडे पाहिले. “मला इंडियाना तिसरी नको होती. मला ते... पुसलं जायला नको होतं. एवढंच. हा पुरावा नाही.”

तेल चुरचुरत राहिले. मग पहिली फोड पडली : त्या कांद्याजवळच्या म्हाताऱ्याची. एमेटच्या डब्यात. मग दुसरी. इंडियानाच्या लोकांनी इंडियानाविरुद्ध मत दिल्याची घटना त्या हॉलच्या स्मरणात नव्हती. कोणी नाक ओढत टाकली, कोणी पुटपुटत, पण टाकली.

“मोजायला नको,” मिसेस क्रूअर म्हणाल्या. “पोरा, फडकं घे. नियम म्हणजे नियम.”

एमेट फळ्यापाशी गेला. बादलीतले फडके त्याने पिळले. लीओनाला वाटले, बाहेर जावे. ती गेली नाही. निकाल आपल्याला आवडणार नाही म्हणून पाठ फिरवायची नसते.

तो खूप वेळ उभा राहिला. मग फडके खाली ठेवले, आणि अंगठा जिभेवर ओला करून तिसऱ्या ओळीचा आकडा पुसला. फक्त आकडा. तिथे त्याने खडूने सात लिहिले. चौथ्या ओळीचा पुसून तीन, पाचवीचा चार, सहावीचा पाच, सातवीचा सहा. नावे तिथेच राहिली, किंचित उजवीकडे कललेली. इंडियानाच्या मिश्या जागच्या जागी.

“क्रम लिहायचा असतो ना?” त्याने वळून मिसेस क्रूअरना विचारले. “लिहिला. नावं मला मान्यच होती. सातही.”

मिसेस क्रूअरनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. “क्रम उलटापालटा दिसतो,” त्या म्हणाल्या. मग नाक पुसून पुढे म्हणाल्या, “पण वाचता येतो.”

*

कढया चार होत्या, आणि तळाला चाळीस दिवसांचे पीठ. लीओनाने बाह्या वर केल्या. जरा वेळाने शेजारी दुसरी बाही वर झाली.

“जिंकलेल्यानं घासायचं नसतं,” ती म्हणाली.

“घासायचा माझा धंदाच आहे.”

खिडकीबाहेर पाऊस उघडला होता. पन्हळीतून थेंब सुटे सुटे पडत होते.

“तू हरणार होतास. मुद्दाम,” ती म्हणाली.

“हो.”

“पुन्हा असं करू नकोस.”

“नाही.” त्याने कढई उजेडात धरून पाहिली. “सोमवारी निघतोय. कॅन्सस. जूनपर्यंत.”

“ठाऊक आहे.”

“लीओना... तीन आठवडे म्हणजे फार कमी ना? तुझ्या हिशेबानं?”

“फारच कमी. एवढ्यावर कोणी काही म्हणू नये.” तिने हात पुसले. कागदी रुमालांच्या गठ्ठ्यातून एक ओढला, एमेटच्या खिशातली पेन्सिल न विचारता काढली, आणि त्याच्याकडे पाठ करून दोन ओळी लिहिल्या. घडी घातली. “घे. जूनमध्ये उघडायचा.”

“काय आहे?”

“अपेक्षित निकाल. आधी लिहून ठेवला, म्हणजे नंतर मला बदलता येणार नाही.”

“आत्ता उघडला तर?”

“चाचणी बिघडेल.”

तो घडीकडे पाहत राहिला. मग न उघडता ती कढईच्या बुडावर ठेवली, आणि बाहेरच्या बाजूवर काहीतरी लिहिले; ओठ हलवत, सावकाश. लिहून झाल्यावर त्यावर तळवा ठेवला.

“तू काय लिहिलंस?” तिने विचारले.

“जूनमध्ये बघ. चाचणी बिघडेल.”

लीओनाने त्याच्या तळव्याकडे पाहिले. ओला होता, पिठाने माखलेला. डाव्या गालात पुन्हा तेच काहीतरी हलत होते. एव्हाना निरीक्षणे पुष्कळ झाली होती.

“बिघडू दे,” ती म्हणाली, आणि त्याची बोटे एकेक करून उचलली.

तिथे मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते :

तीन आठवडे. भार — चार. कारण — माहीत नाही.